वितळतं घड्याळ भिंतीवर लावण्याआधी: अ‍ॅक्रिलिकवर छापलेलं अतिवास्तववादी चित्र कसं घ्यावं

अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट), म्हणजे स्वप्नासारखी अशक्य दृश्यं रंगवणाऱ्या, साल्वादोर दालीचं 'द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी', म्हणजे फांदीवर आणि कठड्यावर ओघळलेल्या घड्याळांचं चित्र, बहुतेकांनी पोस्टरवर, मगवर किंवा कुणाच्या तरी हॉलमध्ये चार फुटी आकारात पाहिलेलं असतं. 1931 सालचं मूळ चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे आणि ते 24 × 33 सेंटिमीटरचं आहे. ए-फोर कागदाहून जेमतेम मोठं. तेव्हा अ‍ॅक्रिलिकवर 'दाली' मागवणं म्हणजे एक लहानसं, अतिशय बारीक रंगवलेलं चित्र अडीच-तीनपट फुगवून चकचकीत प्लास्टिकच्या मागे बसवणं. चांगल्या फाइलवरून आणि योग्य पद्धतीने छापलं तर ते झकास दिसतं. फाइल किंवा पद्धत चुकली तर दुकानाबाहेरचा बोर्ड घरात आणल्यासारखं होतं.

हा लेख पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी आहे. हेच चित्र उदाहरण म्हणून शेवटपर्यंत धरलं आहे. दुसरं निवडलंत तर आकडे बदला, क्रम तोच ठेवा.

१. भिंत मोजण्याआधी मूळ चित्र मोजा

विक्रेत्यांची मापं ठरलेली असतात: 12 × 18, 16 × 24, 24 × 36 इंच. ही सगळी 2:3 प्रमाणातली. दालीचं चित्र 24:33 प्रमाणातलं आहे. ते 36 × 24 इंचांत पूर्ण भरायचं तर उंचीतून सुमारे 8 टक्के भाग कापावा लागतो. मूळ चित्रावर तो 2 सेंटिमीटर होतो. वरचं आकाश तरी जातं, नाहीतर खालची सावलीतली जमीन. काही ठिकाणी कापण्याऐवजी चित्र आडवं ताणतात. ते आणखी वाईट, कारण घड्याळं आधीच वाकडी असल्यामुळे ताण पटकन लक्षातही येत नाही.

उपाय सोपा आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मूळ माप सेंटिमीटरमध्ये दिलेलं असतं. त्याच प्रमाणात इंच मागा. दालीसाठी 33 × 24 इंच म्हणजे प्रमाण तंतोतंत तेच. रने माग्रितचं हॅट घातलेल्या माणसांच्या पावसाचं 'गोलकोंडा' (1953) 80 × 100.3 सेंटिमीटर आहे, ते 24 × 30 इंचांत जवळजवळ न कापता बसतं. (नाव आपल्या ओळखीच्या गोवळकोंड्याचंच, हिऱ्यांमुळे युरोपात दुमदुमलेलं. ते सुचवलं माग्रितच्या कवी मित्राने, लुई स्क्युतनेरने.) फ्रिडा काहलोचं 'द टू फ्रिडाज' (1939) जवळपास चौकोनी आहे, त्यामुळे ते 2:3 मध्ये विकणाऱ्याने कात्री नक्कीच चालवलेली असते. फ्रिडाने अतिवास्तववादी हे लेबल स्वतः नाकारलं होतं, पण दुकानांत ती याच रकान्यात सापडेल.

आणखी एक सावधगिरी. दालीने याच दृश्यावर 1952 ते 1954 दरम्यान दुसरं चित्र केलं, 'द डिसइंटिग्रेशन ऑफ द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी', ज्यात सगळं ठोकळ्यांत विखुरलेलं आहे. ते फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गच्या दाली संग्रहालयात आहे. ऑनलाइन यादीत दोघांची नावं सर्रास अदलाबदल होतात. शिवाय 'दाली' म्हणून विकली जाणारी कितीतरी वितळत्या घड्याळांची चित्रं दालीने कधी काढलेलीच नाहीत. खऱ्या चित्रात घड्याळं चार: तीन मऊ, आणि डावीकडे खाली एक बंद, नारिंगी, मुंग्यांनी भरलेलं. मोजून घ्या.

२. छापायचा हक्क

हा भाग कंटाळवाणा आहे, पण चांगली फाइल मिळणं-न मिळणं यावरच ठरतं. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. दाली 1989 मध्ये गेला, म्हणजे 2049 संपेपर्यंत. माग्रित 1967, म्हणजे 2027 संपेपर्यंत. माक्स एर्न्स्ट 1976, म्हणजे 2036 संपेपर्यंत. फ्रिडा काहलो (1954), इव्ह तांगी (1955) आणि रेमेदिओस वारो (1963) यांची मुदत भारतात संपली आहे. परदेशात राहणाऱ्यांनी तिथली मुदत बघावी. युरोपात साधारण 70 वर्षं आहेत.

म्हणून दाली किंवा माग्रित घेताना परवानाधारक प्रत घ्या. खूण म्हणजे चित्राखाली किंवा पाकिटावर हक्कधारकाची ओळ: दालीसाठी फिगेरासच्या गाला-साल्वादोर दाली फाउंडेशनचं नाव, सोबत व्हेगाप, आदाग्प किंवा ए.आर.एस. यांसारख्या हक्क-संस्थेचं. 'लिमिटेड एडिशन' आणि 'सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी' या शब्दांना मात्र फार मान देऊ नका. 1931 च्या तैलचित्राची आज प्लास्टिकवर छापलेली प्रत कितीही क्रमांक टाकले तरी सजावटीची वस्तूच असते. दालीच्या नावावर खोट्या प्रतींचा बाजार फार जुना आहे.

परवानाधारक प्रत बहुतेकदा कागदावर मिळते. ती मागवून इथे अ‍ॅक्रिलिकमागे चिकटवून घेणं हा सरळ मार्ग. त्याचे धोके चौथ्या पायरीत. आणि हक्काची कटकटच नको असेल तर मागे जा. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये जुझेप्पे आर्किम्बोल्दोचं 1590 च्या सुमाराचं 'फोर सीझन्स इन वन हेड' आहे, झाडाच्या बुंध्यातून आणि फळापानांतून घडलेला माणूस. अतिवास्तववाद्यांनी ज्यांना आपले पूर्वज मानलं त्यांपैकी हा एक. तिथल्या मुक्त चित्रांच्या मोठ्या फाइली फुकट आणि कायदेशीर उतरवता येतात.

३. फाइल: मुंग्यांची परीक्षा

फाइलवरून (परवान्याच्या किंवा हक्कमुक्त) छापायचं असेल तर हिशेब असा: छापील इंच गुणिले 150 म्हणजे किमान पिक्सेल. 33 × 24 इंचांसाठी 4950 × 3600. पलंगाच्या उशाशी किंवा जिन्यात, अगदी जवळून दिसणार असेल तर 200 ते 300 धरा. मोबाइलचा 1080 पिक्सेल रुंदीचा स्क्रीनशॉट 33 इंचांवर ताणला की इंचाला जेमतेम 33 पिक्सेल उरतात आणि कठडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात.

दुकानदार म्हणतो, 'सॉफ्टवेअरने मोठी करून देतो.' पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही; सॉफ्टवेअर तो मनाने भरतं. मुंग्यांचे पाय एकमेकांत मिसळतात आणि रंगाच्या भेगांच्या जागी अळ्यांसारखी नक्षी येते. अ‍ॅक्रिलिकवर हे कॅनव्हासपेक्षा जास्त बोचतं, कारण कॅनव्हासचं विणकाम दोष झाकतं आणि गुळगुळीत शीट काहीच झाकत नाही.

पूर्ण ऑर्डरआधी नमुना मागा: नारिंगी घड्याळ आणि त्यावरच्या मुंग्या, प्रत्यक्ष मापात, 6 × 6 इंचांच्या तुकड्यावर, त्याच शीटवर त्याच मशीनने. वेगळे पैसे पडले तरी द्या. मुंग्या सुट्या सुट्या दिसल्या, आकाशातल्या पिवळ्या-निळ्या उतरंडीत पट्टे पडले नाहीत, तर पुढे जा.

४. चित्र शीटवर बसतं कसं

'अ‍ॅक्रिलिक प्रिंट' या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. दरातला फरक इथूनच येतो, आणि यादीत तो क्वचितच लिहिलेला असतो.

पहिली, विनाइल पेस्टिंग. चिकट विनाइलवर छापून ते शीटमागे लावतात. स्वस्त आणि कुठल्याही बोर्डवाल्याकडे मिळणारी. महिन्या-दोन महिन्यांत कोपऱ्यातून हवा शिरते, बुडबुडे दिसतात आणि कडेला विनाइल आकसून पांढरी रेघ उमटते. घरासाठी घेऊ नका.

दुसरी, समोरून यूव्ही प्रिंट. अतिनील (यूव्ही) उजेडात लगेच सुकणारी शाई थेट शीटच्या पुढच्या बाजूला. मग अ‍ॅक्रिलिक घेण्यात अर्थच राहत नाही: खोली दिसत नाही आणि फडक्याचा ओरखडा सरळ रंगावर.

तिसरी, रिव्हर्स यूव्ही प्रिंट. फ्लॅटबेड मशीनवर चित्र उलटं करून शीटच्या मागच्या बाजूला छापतात आणि त्यावर पांढऱ्या शाईचा थर देतात. आपण शीटमधून आरपार चित्र पाहतो, म्हणून काळे गडद आणि रंग ओले वाटतात. नव्याने घेणाऱ्यांसाठी हीच पद्धत. मात्र शब्द नेमके वापरा: 'मागून डबल व्हाइट'. एकच थर दिला तर पांढरं अर्धपारदर्शक राहतं आणि मागच्या भिंतीचा रंग चित्रात मिसळतो. पिवळट भिंतीवर दालीचं आकाश आजारी दिसेल. (मागे एलईडी लावायचा असेल तरच सिंगल व्हाइट.) शाई नीट धरली आहे का हे नमुन्यावर तपासता येतं: मागच्या बाजूला सेलोटेप घट्ट दाबा, झटक्यात ओढा. टेपवर रंग आला तर शीट न पुसता किंवा प्रायमर न लावता छापली आहे.

चौथी, फेस माउंट. चांगल्या फोटो-कागदावर छापलेलं चित्र पारदर्शक चिकट थराने शीटमागे कायमचं बसवतात. स्वित्झर्लंडमधून आलेली दियासेक ही याचीच सिलिकॉन वापरणारी पद्धत. कलादालनांतले मोठे फोटो अनेकदा अशा तऱ्हेने लावलेले असतात. तपशील आणि रंगांची उतरंड यातच सर्वांत चांगली येते. अट एक: कागद गुळगुळीत, ग्लॉसी किंवा लस्टर (किंचित चमकदार) हवा. खडबडीत मॅट कागदाच्या खाचांत सूक्ष्म हवा अडकते आणि तिरकं पाहिल्यावर चंदेरी ठिपके चमकतात. धूळ अडकली तर कायमची अडकली, आणि चिकटवलेलं परत सुटत नाही. परवानाधारक कागदी प्रत अशा कामाला देण्याआधी कारागिराने केलेलं जुनं काम खिडकीच्या उजेडात तिरकं धरून पाहा.

शीटबद्दल दोन शब्द. 'कास्ट, व्हर्जिन, क्लिअर' मागा, म्हणजे साच्यात ओतलेली, नव्या मालाची, पारदर्शक. एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेल्या) शीटमध्ये आतला ताण जास्त असतो, भोकांभोवती तडे लवकर जातात. रिसायकल शीट कडेने पाहिली की पिवळसर किंवा धुरकट वाटते. कडा डायमंड पॉलिश (हिऱ्याच्या पात्याने गुळगुळीत) करून घ्या. ज्योतीने केलेलं पॉलिश दिसतं छान, पण त्याने कडेला ताण राहतो आणि पुढे एखाद्या क्लीनरने तिथेच कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात.

५. जाडी

लांबी मीटरमध्ये × रुंदी मीटरमध्ये × जाडी मिलिमीटरमध्ये × 1.19, उत्तर किलोत. आपलं 33 × 24 इंच: 0.838 × 0.61 × 5 × 1.19, म्हणजे सुमारे 3 किलो. 3 एमएम घेतली तर 1.8 किलो, 8 एमएम घेतली तर 4.9.

18 इंचांपर्यंत 3 एमएम चालते. त्यापुढे ती चार स्टडांवर (शीटला भिंतीपासून थोडं दूर धरणाऱ्या धातूच्या खुंट्यांवर) मधून पोट काढते आणि प्रतिबिंबं लाटांसारखी दिसतात. 24 ते 36 इंचांना 5 एमएम, त्यावर 8 एमएम. मागे 3 एमएम एसीपी शीट (दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असलेली) जोडली तर ताठपणा येतो आणि शाईही सुरक्षित राहते. आपल्या मापाला त्याने सुमारे 2 किलो वाढतात. मागे एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) मात्र नको. पावसाळ्यात ते फुगतं, अ‍ॅक्रिलिक वेगळ्या प्रमाणात हलतं आणि दोघांच्या ओढाताणीत कडा सुटतात.

६. जागा

टीव्ही बंद असताना त्यात जे दिसतं, तेच अ‍ॅक्रिलिकच्या गडद भागात दिसणार. ठरवलेल्या जागी दुपारी आणि रात्री दिवे लावून एखादी काच घातलेली फ्रेम धरा आणि सोफ्यावर बसून पाहा. खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसत असेल तर जागा बदला. माग्रितच्या 'एम्पायर ऑफ लाइट'सारख्या चित्रात वरचं उजळ आकाश ठीक दिसतं आणि खालच्या अंधाऱ्या घरात तुमचा पंखा फिरतो. नॉन-ग्लेअर शीटने चकाकी कमी होते, पण चित्र किंचित धूसरही होतं. मुंग्यांचं चित्र असेल तर आम्ही ती घेणार नाही.

मध्यबिंदू जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर. सोफ्याच्या वर लावत असाल तर पाठीपासून 15 ते 20 सेंटिमीटर अंतर आणि रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश. थेट ऊन, गॅसची शेगडी आणि देवघर टाळा. अ‍ॅक्रिलिक 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि ज्योत लागली तर जळतं. समईच्या वरची भिंत म्हणजे मुळीच नको. (बंद घड्याळ घरात अशुभ मानणारी आजी असेल तर वितळलेल्या घड्याळांचं काय सांगायचं, हे ज्याचं त्याने आधी ठरवावं.)

७. ऑर्डर लिहून द्या

तोंडी बोलणं फोनवरच राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवर असा मजकूर पाठवा आणि 'हो' लेखी घ्या:

'33 × 24 इंच आडवं, कापायचं किंवा ताणायचं नाही. 5 एमएम कास्ट क्लिअर व्हर्जिन. रिव्हर्स यूव्ही, मागून डबल व्हाइट. चारही कडा डायमंड पॉलिश, कोपरे किंचित गोल. चार भोकं, केंद्र दोन्ही कडांपासून 25 एमएम, भोक 10 एमएम. एसएस 304 स्टड, 19 एमएम व्यास, भिंतीपासून 20 एमएम, सोबत नायलॉन वॉशर. दोन्ही बाजूंना संरक्षक फिल्म. जीएसटी, पॅकिंग, पोच धरून किंमत. वाटेत तुटल्यास बदलून.'

भोक स्टडच्या 8 एमएम बोल्टपेक्षा 2 एमएम मोठं मागण्याला कारण आहे. पुण्याच्या डिसेंबरातल्या 12 अंशांच्या पहाटेपासून मेच्या 38 अंशांच्या दुपारपर्यंत 33 इंचांची शीट लांबीला सुमारे दीड मिलिमीटर वाढते. भोक नेमकं बोल्टाएवढं असेल तर शीटला सरकायला वाव राहत नाही आणि भोकापासून कडेपर्यंत तडा जातो. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर 304 ऐवजी 316 मागा, ते गंजाला जास्त दाद न देणारं स्टेनलेस स्टील. क्रोम चढवलेले लोखंडी स्टड खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजाचे ओघळ सोडतात.

८. खोकं आलं की

उघडताना सलग व्हिडिओ काढा. तुटल्याची तक्रार करताना तो हमखास मागतात. फिल्म न काढता वजनकाट्यावर ठेवा: 3 किलोच्या जागी 1.8 भरलं तर 5 च्या जागी 3 एमएम आली आहे. कास्ट शीट थोडी कमी-जास्त असतेच, पण जाडी 4 एमएमच्या खाली गेली तर परत करा. मग फिल्मचा एक कोपरा उचलून कड पाहा, आणि अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलचा टॉर्च फिरवा. पांढऱ्या थरात टाचणीएवढी छिद्रं असतील तर ताऱ्यांसारखी चमकतील. ऑनलाइन घेतलं असेल तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

९. भिंतीवर चढवणं

शीट कागदावर ठेवून भोकांचा साचा काढा, साचा पाणसळ लावून भिंतीवर चिकटवा आणि त्यातूनच खुणा करा. चित्र हातात धरून खुणा केल्या की एक भोक हटकून चुकतं. विटांच्या भिंतीत 8 एमएम बिट, 8 एमएम गिट्टी (भोकात बसवायचा प्लग) आणि 50 एमएम स्क्रू. आतलं प्लास्टर 12-15 एमएमचं असतं आणि पकड त्याच्या पलीकडच्या विटेत हवी. नव्या इमारतींतल्या काँक्रीटच्या भिंतीला हॅमर ड्रिल लागतो. हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या एएसी ब्लॉकमध्ये साधी गिट्टी फिरत राहते, त्याची वेगळी गिट्टी मागा आणि भोक हॅमर बंद ठेवून पाडा. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू नका, तिथून वायर जाते.

वॉशर दोन्ही बाजूंना. स्टडची टोपी बोटांनी घट्ट, वर पाव फेरा, बस. पान्याने आवळलेली टोपी म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातला तडा. मागे ठेवलेले 20 एमएम हवेसाठी आहेत: ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला शीट चिकटून बसली तर मागे बुरशी येते, आणि एका बाजूने ओल शोषून शीट वाकते. दुहेरी टेपवर 3 किलो कधीच टांगू नका. फिल्म सगळ्यात शेवटी, सावकाश काढा. घाईने ओढली की शीटवर स्थिर वीज येते आणि ड्रिलचा सगळा चुरा तिच्याकडे धावतो.

१०. पुसणं

काच पुसायचा निळा फवारा वापरू नका. त्यातल्या अल्कोहोलने किंवा अमोनियाने भोकांपाशी आणि कडांना बारीक भेगा पडतात. त्या लगेच दिसत नाहीत, काही आठवड्यांनी उगवतात. सॅनिटायझर, थिनर, दंतमंजन, वर्तमानपत्राचा कागद, सगळं बाद. आधी मऊ ब्रशने धूळ उडवा, मग अर्ध्या लिटर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून पिळलेल्या मायक्रोफायबरने एकाच दिशेने पुसा. कोरड्या फडक्याने घासलं तर धूळच सँडपेपर होते. दिवाळीच्या साफसफाईला मदतीला येणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा, कारण चित्रावरचे गोल गोल ओरखडे बहुधा त्याच आठवड्यात पडतात. नखाला न लागणारा ओरखडा प्लास्टिक पॉलिशने जातो. नखाला लागणारा राहतो.